फळीवरचा डावा कान

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. डावा. हसू नका, मला ऐकू येतं.

माझं अंग प्लास्टरचं आहे आणि उंची तुमच्या वहीएवढी. कला महाविद्यालयाच्या तळमजल्यावर रेखाटनाचा मोठा वर्ग आहे. त्याच्या मागच्या भिंतीला एक लाकडी फळी ठोकलेली आहे. त्या फळीवर आम्ही चौघं राहतो: डोळा, नाक, ओठ आणि टोकाला मी. चित्रकला शिकायला आलेली मुलं माणसाचा चेहरा काढायच्या आधी आम्हाला काढतात. एकेक अवयव हाताला बसला की मग चेहरा, अशी इथली रीत आहे.

मला डोळे नाहीत, त्यामुळे मी सांगतो ते सगळं ऐकलेलं आहे. मात्र त्याला ऐकीव म्हणू नका. तुम्ही लोक स्वतःच्या कानाने ऐकलं म्हणून शपथा घेता, मी तर अख्खाच्या अख्खा कान आहे.

माझा जन्म साच्यात झाला. साचे करणारा एक म्हातारा कारागीर तेव्हा इथे होता. सगळे त्याला मामा म्हणायचे. मामांनी बादलीत प्लास्टर कालवलं, साच्यात ओतलं आणि आतले बुडबुडे निघून जावेत म्हणून साचा सगळ्या बाजूंनी टिचक्या मारून हलवला. प्लास्टर घट्ट होताना आपोआप गरम होतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तेवढी ऊब मला पुन्हा कधी मिळाली नाही. साचा उघडून मामा म्हणाले, "डावा झकास उतरला. आता उजवा ओततो." मग काहीतरी जमिनीवर पडून फुटल्याचा आवाज आला. उजव्या कानाचा साचा मामांच्या हातून निसटला होता. कुणीतरी म्हणालं, "राहू द्या मामा, शिकायला एक कान पुरतो."

पुरतो. ठीक आहे.

खरं दुखणं वेगळं आहे. मला पोट नाही, तरी माझ्या पोटात दुखतं ते डोळ्यामुळे. दर वर्षी नवी मुलं येतात. ड्रॉइंगचे सर म्हणतात, "घ्या स्टुलं, बसा हवं त्याच्यासमोर." की लगेच सगळी स्टुलं खरडत डोळ्याकडे जातात. तो खर्र खर्र आवाज माझ्यापासून लांब लांब जाताना मी किती वर्षं ऐकतोय. डोळ्यासमोर गर्दी, नाकासमोर दोघं-तिघं, ओठांसमोर लाजरी मुलं. माझ्या वाट्याला फक्त उशिरा आलेले. ते बसतात आणि पहिलं वाक्य म्हणतात, "अरे देवा, कान."

आता माझ्यात वळणं जरा जास्त आहेत हे मला मान्य आहे. घडीत घडी, तिच्यात पुन्हा खळगा. पण म्हणून काय झालं? अवघड गोष्टीला जास्त मान द्यायला हवा की कमी? डोळ्याला दर सुट्टीत पांढरा रंग देतात, कारण मुलांच्या हाताळण्याने तो मळतो. मला कुणी हातच लावत नाही, मग मी मळणार कसा? माझ्या घड्यांत धूळ साचली होती, हेही मला डोळ्यानेच सांगितलं. सांगताना त्याला फार वाईट वाटत होतं असं नाही. एकदा एका मुलाने माझ्या भोकात चघळलेलं च्युइंगम चिकटवून ठेवलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मला वर्ग लांबून ऐकू यायचा.

आणि सर. सर तसे भले माणूस आहेत. पण चेहऱ्याचा अभ्यास सुरू झाला की ते एक वाक्य हमखास म्हणतात, "कान जमत नसेल तर केस ओढून घ्या त्याच्यावर." हे माझ्यासमोर, भर वर्गात. डोळा जमत नसेल तर त्याच्यावर टोपी ओढा, असं मी अजून एकदाही ऐकलेलं नाही. नाक आधीच शिष्ट, कायम नाकाने कांदे सोलणारं, ते तेवढ्यात फुस्स करून हसल्यासारखं वाटतं. ओठ मात्र कधी काही बोलले नाहीत.

असा मी फळीच्या टोकाला जळफळत बसलेलो असताना ती मुलगी आली.

ती पहिल्या दिवसापासून वर्गाच्या उजव्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, माझ्या बरोबर खाली बसायची. जागा कधी बदलायची नाही. म्हणून मुलांनी तिचं नाव कोपरा ठेवलं. "ए कोपरा, कटर दे." "कोपरा, चहाला येतेस?" ती काम करताना स्वतःशी गुणगुणायची. सूर असा काही लागायचा नाही, पण माझ्या इतक्या जवळ बसून कुणी गुणगुणलेलं मला आठवत नव्हतं. मला ते आवडायला लागलं.

तिच्या वर्गात एक मुलगा होता, सतत शिट्टी वाजवणारा. त्याला सगळे शिट्टी म्हणायचे. एक दिवस तो तिच्या आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरला आणि म्हणाला, "कोपरा, खोडरबर दे ना जरा." ती काढत राहिली. त्याने पुन्हा मागितलं, मग पुन्हा. शेवटी तो "फारच भाव खाते ही" असं पुटपुटत निघून गेला. पण थोड्या वेळाने तिला डावीकडून कुणी तरी अगदी हळू हाक मारली, तर तिने लगेच "काय गं?" म्हटलं.

मी समजलो. कानाचं कानाला कळतं. तिचा उजवा कान ऐकत नव्हता, आणि म्हणून ती त्या बाजूला भिंत घेऊन बसत होती.

मग ती सूचना आली. सर म्हणाले, "वर्षअखेरीचं काम ऐका. एक वस्तू, पाच माध्यमं. फळीवरचा एक अवयव निवडा. तो कोळशात काढा, तैलरंगात रंगवा, मातीत घडवा, तारेत वळवा आणि शेवटी त्याचा ठसा काढा. पाचही कामं प्रदर्शनात लागतील, बाहेरून परीक्षक येतील. त्यावर ठरेल कोण दुसऱ्या वर्षाला जाणार ते."

डोळ्यासाठी इतकी भांडणं झाली की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. नाकही बऱ्यापैकी खपलं. मी नेहमीप्रमाणे ऐकत होतो. तेवढ्यात दोन हात माझ्याखाली आले आणि मला कुणीतरी उचललं. "मी कान घेते," कोपरा म्हणाली. शिट्टीने नाक घेतलं होतं, तो म्हणाला, "वेडी आहेस का? पाच वेळा कान? मरशील."

तिने मला नळाखाली नाही धरलं, प्लास्टरला पाणी सोसत नाही. ओल्या फडक्याने पुसलं आणि बारीक ब्रशने एकेक घडी झाडली. मला जग एकदम स्वच्छ ऐकू यायला लागलं. मग ती मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घालून रोज या वर्गातून त्या वर्गात न्यायला लागली. पहिल्या दिवशी तिने मला डोळ्याच्या अगदी समोरून नेलं. माझा आनंद गगनात मावेना.

तो फार दिवस टिकला नाही. कारण ऐका.

कोळशाचा आवाज कोरड्या पानावर पाय पडल्यासारखा असतो. ती काढायची, मग बोटाने पुसायची, पुन्हा काढायची. मी ताठ बसून होतो. एक दिवस सर तिच्या डाव्या बाजूला येऊन थांबले आणि म्हणाले, "हे फार सुंदर झालंय." मी खूश झालो. मग माझ्या लक्षात आलं की 'हे' म्हणजे तो कागद. मी नव्हे. मुलं जमली, कागद भिंतीला लागला, सगळे त्याच्याकडे तोंड करून वाहवा करायला लागले. म्हणजे माझ्याकडे पाठ करून. ज्याच्यावरून काढलं तो मागे टेबलावर, आणि कोळशाची पूड चोळलेला कागद मात्र नवरदेव. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

तैलरंगाने तर कहर केला. मी पांढरा आहे, पण तिने म्हणे माझ्या सावल्यांत निळा घातला आणि पाळीवर थोडा गुलाबी. शिट्टी म्हणाला, "पांढऱ्यात एवढे रंग असतात होय?" संध्याकाळी फळीवर गेलो तर डोळ्याने मला आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं, "तो रंगवलेला तुझ्यापेक्षा पुष्कळ देखणा आहे हं." रात्रभर मी त्याचा विचार करत बसलो. आजवर मला एका डोळ्याचाच हेवा वाटायचा. आता माझे माझ्यातूनच वाटेकरी निघत होते, आणि अजून तीन बाकी होते.

मातीचं काम मागच्या शेडमध्ये चालायचं. तिथला आवाज रांगडा. माती टेबलावर आपटायची, मळायची, पुन्हा आपटायची. या कामात कोपरा सगळ्यांत जास्त रमली. तासन्‌तास गुणगुणत बसायची. मातीचा कान माझ्याच मापाचा झाला, आणि रोज काम संपलं की ती त्याला ओल्या फडक्यात हळुवार गुंडाळून ठेवायची, सुकू नये म्हणून. फडक्यावर पुन्हा प्लास्टिक. मी तिथेच शेजारी उघड्या टेबलावर. माती कानामागून आली आणि तिखट झाली. मित्रांनो, मला त्या ओल्या फडक्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा डोळ्याच्या पांढऱ्या रंगाचाही कधी वाटला नव्हता.

कामं वाळायला ठेवायच्या आदल्या दिवशी मातीचे सर टेबलांमधून फिरत सूचना देत होते. "काम आतून पोकरून घ्या. भिंत अंगठ्याएवढीच जाड ठेवा. भरीव राहिलं तर भट्टीत फुटेल." हे म्हणताना ते कोपराच्या उजव्या हाताने गेले. शेडला कोपरा नव्हता, तिला भिंत मिळाली नव्हती. ती पाळीची कड गुळगुळीत करत होती. तिने मान वर केली नाही. सूचना मी ऐकली, तिने नाही. माणसांना ऐकू जाईल असं तोंड मला नाही. असतं तर सांगितलं असतं का, कोण जाणे.

कामं वाळून भट्टीत गेली त्या दिवशी भट्टीतून फट् असा आवाज आला आणि आत तुकडे उडाल्याची खडखड झाली. मला आनंद झाला. लपवून काय करायचं? मला मनापासून आनंद झाला.

भट्टी निवल्यावर दार उघडलं. कोपराचा भरीव कान फुटला होताच, पण त्याच्या तुकड्यांनी शेजारची कामंही फोडली होती. शिट्टीच्या नाकाची नाकपुडी गेली होती, आणखी एकीचे ओठ दुभंगले होते. सर म्हणाले, "अगं, मी ओरडून सांगितलं होतं." ती गप्प. शिट्टी म्हणाला, "ऐकायचंच नसतं हिला. आपण हाका मारायच्या आणि ही राणीसाहेब." छपाईच्या मॅडम आमच्या पहिल्या वर्षाच्या प्रमुख होत्या. त्यांनी तिला बोलावून घेतलं. पिशवी तिच्या खांद्यालाच होती, त्यामुळे मीही गेलो.

"सूचना ऐकायच्या नसतील तर इथे आलीस कशाला?" मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्यांची कामं फुटली तुझ्यामुळे. हे शेवटचं. पुन्हा सांगितलेलं न ऐकता काही केलंस, तर हे वर्ष परत करावं लागेल."

"सॉरी मॅडम," ती म्हणाली. एवढंच.

बाहेर जिन्यात बसून तिने आईला फोन लावला. आईचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "सांगू नकोस गं कुणाला. सांगितलं की लोक आधी कान बघतात आणि मग तुझं काम. मी काय कमी बघितलंय? जपून राहा, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत जा."

"बघते आई, पण काम करताना कामाकडे बघावं लागतं ना."

पलीकडे आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "जेवलीस का?"

कोपराने मातीचा दुसरा कान केला, पोकळ. तो नीट भाजून निघाला. पण तो करताना ती गुणगुणली नाही. मला त्याचा हेवा करायला काही जोर आला नाही. पुढे तारेच्या कामातही ती मुकाट पक्कड चालवत होती. तारेचा कान झाला, त्याची सावली भिंतीवर पडायची आणि म्हणे ती सावली पाहायला वरच्या वर्गाची मुलंही यायची. सावलीवर मात्र मी जळलो. जुनी सवय.

शेवटी छपाई. तिथे मोठं चाक असलेलं प्रेस होतं. चाक फिरवलं की जड रूळ फिरतो आणि त्याच्याखालून ठोकळा आणि कागद दाबून निघतात. पहिल्या दिवशी मॅडमनी काचेवर शाई पसरायला शिकवलं आणि असं काही म्हणाल्या की ते मी जन्मभर विसरणार नाही. "शाई डोळ्यांनी नका बघू. ऐका. रोलर फिरवताना चिकट चपचप आवाज आला तर शाई जास्त झाली. आवाजच आला नाही तर कमी. रेशमी कापड चुरगळल्यासारखी बारीक चरचर आली, की बरोबर."

डोळ्यांनी नका बघू. भर वर्गात. हे मी डोळ्याला अजून ऐकवतो.

मुलं रोलर फिरवायला लागली. कोपराने डावा कान काचेच्या इतका जवळ नेला की तिचे केस शाईत बुडाले. ती फिरवत राहिली, थांबली, थेंबभर शाई घेतली, पुन्हा फिरवली. चपचप गेली आणि चरचर आली. मॅडम तिच्यामागे उभ्या होत्या. "हिला शाई कळते," त्या म्हणाल्या. त्या दिवशी परत येताना ती जिन्यात जरासं गुणगुणली.

मग प्रत्येकाला लिनोचा एकेक तुकडा मिळाला. लिनो म्हणजे रबरासारखी मऊ लादी. तिच्यावर चित्र उतरवायचं, नको तो भाग कोरून काढायचा, उरलेल्यावर शाई लावायची आणि कागदावर दाबायचं. मॅडम रांगांमधून चालत सांगत होत्या, "ठसा उलटा उमटतो, आरशातल्यासारखा. म्हणून चित्र आधी कागदावर काढा आणि कागद पालथा घालून मग लिनोवर उतरवा." पालथा घालून हे त्या बोलल्या तेव्हा त्या कोपराच्या उजवीकडे होत्या. तिची मान लिनोवर वाकलेली. तिने मला समोर ठेवलं आणि माझ्याकडे बघून थेट लिनोवरच काढायला घेतलं.

या वेळी मला आनंद झाला नाही. मी नुसता ऐकत राहिलो. कोरणी लिनोतून जाताना काकडीची साल काढल्यासारखा आवाज येतो. कितीतरी दिवस तो चालला. माझी एकही घडी तिने सोडली नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी तिने कोरलेल्या लिनोच्या ठोकळ्याला शाई लावली. प्रेसचं चाक फिरलं. कागद सोलून वर आला तसा फर्र आवाज झाला. शिट्टी पलीकडे नाकाचे ठसे वाळत घालत होता. तो जवळ आला. "कोपरा," तो म्हणाला, "हा उजवा झाला की गं."

तिने कागद ठोकळ्याशेजारी आणून ठेवला.

"मॅडमनी सांगितलं होतं ना, कागद पालथा घाला."

"मला ऐकू नाही आलं."

"असं कसं? तुझ्या शेजारीच तर होत्या."

"या बाजूला होत्या." तिने रोलर खाली ठेवला. "या कानाने मला ऐकू येत नाही. लहानपणापासून."

शिट्टीने हातातला ठसा बाजूला ठेवला. मग तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मी खोडरबर मागत होतो, तेव्हा..."

"कधी?" तिने विचारलं.

तो जाऊन स्टूल घेऊन आला आणि बसला, तिच्या डाव्या बाजूला. दुसरा लिनो कोरायला वेळ नव्हता. पाचवं काम चुकलेलं, आणि चुकलं का, तर सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून. मॅडमचं 'हे शेवटचं' माझ्याही कानात होतं. शिट्टी डोकं खाजवत म्हणाला, "थांब. शाईच लावू नको. ठोकळा पुसून कोरडा कर आणि ओल्या कागदावर नुसता दाब. कागदाला उठाव येईल. मग कागद उलटा करून टांग. मागून बघितलं की डावा दिसेल. कुणाच्या बापाला कळणार नाही."

त्यांनी ठोकळा पुसला. जाड कागद पाण्यात भिजवला, टिपून घेतला, त्याच्यावर लोकरीचं कापड घातलं. चाक फिरवायला दोघं लागली, इतका दाब द्यावा लागला. प्रेस कुरकुरलं. शाई नव्हती, त्यामुळे या वेळी कागद आवाज न करता सुटला.

"आता पालथा कर," शिट्टी म्हणाला. "बघ. डावा. सुटलीस."

कागद पालथा झाला, पुन्हा सरळ झाला, पुन्हा पालथा. मग तिचं बोट माझ्यावरून फिरलं, बाहेरच्या पाळीवरून आतल्या घडीपर्यंत. मग तेच बोट कागदावरून फिरलं. दोन्हींचा आवाज सारखाच होता. शाईचा काळा कान असता तर माझा नुसता एक वाटेकरी वाढला असता. हा माझ्यासारखाच पांढरा होता, त्याला घड्या होत्या, आणि तो उजवा होता.

"मी सरळ बाजूच टांगणार," कोपरा म्हणाली.

"अगं, वर्ष जाईल."

"बघू."

मित्रांनो, मी हेवा करायला निघालो होतो. लोक उद्या त्याचीच वाहवा करणार हे मला माहीत होतं. पण जमेना. नक्कल असती तर केला असता. ही नक्कल नव्हती. मामांच्या हातून निसटून फुटला होता ना, तो हा होता.

प्रदर्शनाच्या दिवशी शिट्टीने आल्या आल्या विचारलं, "केस मागे बांधलेस? कान उघडे?" ती हो म्हणाली. तिने कोळसा, तैलरंग, माती आणि तार एका भिंतीवर लावले. समोरच्या भिंतीवर एका छोट्या फळीवर मला ठेवलं, आणि माझ्याच उंचीला, पण चेहराभर अंतर सोडून, तो बिनशाईचा कागद टांगला. मधे एक स्टूल.

परीक्षक आले. काठी टेकत चालणारे, खोकणारे गृहस्थ. त्यांच्याबरोबर मॅडमच्या चपलांचा आवाज. परीक्षक पहिल्या भिंतीशी फार वेळ थांबले. मग इकडे आले. "वस्तू डावा कान आहे," ते म्हणाले. "हा ठसा उजवा कसा?"

मॅडम म्हणाल्या, "उलटा उतरवायचा राहिला. मी सांगितलं होतं." त्यांचा आवाज थंड होता.

"हो, चुकला," कोपरा म्हणाली. "मॅडमनी सांगितलं तेव्हा त्या माझ्या उजवीकडे होत्या. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनाही माहीत नव्हतं. मातीच्या वेळी पण तेच झालं." तिचं बोट कागदावर टेकलं. "काल मागची बाजू दाखवून चूक झाकता आली असती. पण उजवाच बरोबर वाटला. शाई बरोबर असली की तिचा आवाज येतो. याला शाई नाही. हा माझा तो कान आहे."

मग काठी भिंतीला टेकल्याचा आवाज आला आणि स्टूल करकरलं. परीक्षक आमच्या मधे बसले होते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो कागद. ते किती वेळ बसले मला सांगता येणार नाही. खोकलेसुद्धा नाहीत.

आणि मग मॅडमच्या चपला वाजल्या. त्या कोपराच्या उजवीकडे उभ्या होत्या. चपला तिच्या मागून हळूहळू फिरून डाव्या बाजूला आल्या आणि थांबल्या.

"आता येतंय ऐकू?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम."

"पुढच्या वर्षी छपाईला येणार असशील तर वर्गात माझ्या उजव्या हाताला उभी राहत जा. म्हणजे मी तुझ्या डावीकडे असेन. आणि माझं काही ऐकू आलं नाही तर मला तिथल्या तिथे सांगायचं. एवढं सगळं होईपर्यंत थांबायचं नाही."

"हो मॅडम."

दुपारी तिची आई आली. ती बोलायच्या आधी तिची पावलं आपणहून मुलीच्या डाव्या बाजूला गेली, मी ऐकलं. ती आमच्यासमोर थांबली. "सांगितलंस?" तिने विचारलं. "सांगितलं," कोपरा म्हणाली. आई स्टुलावर बसली आणि मग तिला पदर डोळ्यांना लावता यावा म्हणून कुणाला तरी तिची पिशवी धरावी लागली. ती शिट्टीने धरली.

आता मी पुन्हा फळीच्या टोकाला आहे. कोपरा वरच्या मजल्यावर छपाईला गेली. सकाळी जिन्यातून जाताना तिचं गुणगुणणं येतं, अजूनही बेसूर. त्या बिनशाईच्या ठशाची एक प्रत मॅडमनी चौकटीत घालून माझ्या शेजारी टांगली आहे. ड्रॉइंगचे सर केस ओढून घ्या असं आता म्हणत नाहीत. निदान मला ऐकू जाईल असं म्हणत नाहीत.

मित्रांनो, आम्हाला पुसा, झाडा, आमच्यात च्युइंगम भरू नका, हे तर आहेच. पण माझं खरं मागणं एवढंच आहे. तुमच्या वर्गात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर त्याला शिष्ट म्हणायच्या आधी एकदा उठा, त्याच्या मागून फिरून दुसऱ्या बाजूला जा आणि तिथून हाक मारून बघा. चार पावलांचं काम आहे.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी सुधारलोय असं समजू नका. नवी मुलं आली की स्टुलं अजूनही खरडत डोळ्याकडे जातात, आणि माझ्या पोटात अजूनही दुखतं. पण संध्याकाळी वर्ग रिकामा झाला की मी शेजारच्या चौकटीचा कानोसा घेतो. तिथून काहीच आवाज येत नाही, आणि मला तेवढं पुरतं. डोळा अजून एकटाच आहे. मी त्याला त्याबद्दल काही बोलत नाही. त्याला दिसतंच आहे.